निष्क्रिय

लॉगमध्ये एकच ओळ होती:
सेशन संपलं. दहा बेचाळीस. कारण, निष्क्रियता.
अशा ओळी रोज हजारोंनी पडतात,
केर काढताना केर कोण मोजतं.

ही मोजली, कारण तिच्यामागून पत्र आलं,
कागदाचं, पाकिटातलं, तिकीट किंचित तिरकं लावलेलं:
मी वेल्टा प्रिएदे, लिएपाया.
हीटिंगच्या भत्त्याचा तुमचा अर्ज मी चारदा भरला.
चारही वेळा तो मला विसरला.

रिगाहून बस साडेतीन तास.
वाचनालयात खिडकीजवळचा संगणक,
समुद्राचा वारा काचेला धक्के देतोय.
वेल्टाने टोपी काढून कीबोर्डशेजारी ठेवली
आणि एका बोटाने स्वतःचं नाव शोधू लागली,
एकेक अक्षर, जणू तांदळातला खडा.

प्रश्न सतरावा: मीटरचा आकडा.
तिने शेजारणीला फोन लावला.
आरियाने आधी चष्मा शोधला, मग किल्ली,
मग तळघराच्या अकरा पायऱ्या.
खाली दिवा गेलेला.
पुन्हा वर, मेणबत्तीसाठी.
फोनमधून तिची धाप ऐकू येत होती.
वेल्टा ताठ बसलेली, पेन्सिल कागदावर टेकवून,
डोळ्याचं पातं न लववता,
आणि तिकडे रिगात सर्व्हर मनाशी म्हणाला:
इथे कुणी नाही.

वेब-एक्सएमएलमध्ये तीस लिहिलं होतं. तिथे मिनिटं मोजतात.
पण लॉगिनच्या कोडमध्ये कुणीतरी सहाशे लिहून ठेवलेलं,
तिथे सेकंद.
एकाच घरात दोन मापं,
आणि भांडण झालं की कोडचंच खरं.
कुणी लिहिलं हे? जुन्या नोंदी उलगडल्या.
नऊ वर्षांपूर्वीचा शुक्रवार, संध्याकाळचे पाच.
नाव माझंच.

उणे एक लिहिलं असतं तर काम झालं असतं.
उणे एक म्हणजे सेशनला मरण नाही.
बोट तिथवर गेलंही.
पण वेल्टा उठली, टोपी घातली, तशीच निघाली,
लॉगआउट हे बटण तिच्या गावी नव्हतं,
आणि ओयार्स नावाचा मुलगा
तिच्या अजून उबदार खुर्चीत येऊन बसला.
समोर तिचा ओळख क्रमांक, तिचं बँकेचं खातं,
नवऱ्याच्या मृत्यूची तारीख.
मीच वाकून खिडकी बंद केली.
तो म्हणाला, मी काही वाचलं नाही.
कान लाल झाले होते त्याचे.

म्हणजे मरण हवंच. फक्त असं बेसावध गाठणारं नको.

परतीच्या बसमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन लिहिलं:
प्रत्येक उत्तर लिहिताक्षणी मसुद्यात जावं,
सेशनच्या पोटात नाही, डेटाबेसमध्ये.
सहाशे खोडलं. मापं एक केली.
संपण्याआधी दोन मिनिटं पडद्याने विचारावं,
आहात ना?
उत्तर नाही आलं तर निमूटपणे दार लावावं,
आणि माणूस परत आला, पुन्हा ओळख पटली,
की त्याला पहिल्या पानावर हाकलू नये,
सतराव्या प्रश्नापाशी नेऊन उभं करावं.
निष्क्रियतेमुळे, हा शब्द संदेशातून काढला.
तिथे लिहिलं: तुमचं लिहिलेलं ठेवलं आहे.
गुंडार्स म्हणाला, एवढ्यासाठी लिएपायाला गेलीस?

पुढच्या मंगळवारी लॉग चाळला.
सोळावं उत्तर, नऊ अठ्ठावन्न.
मग सेशन संपलं.
मग नवं लॉगिन, आणि सतरावं उत्तर:
चार हजार सातशे अठरा.
मधे एक्कावन्न मिनिटं कोरी.

गुंडार्सने खांद्यावरून डोकावून विचारलं,
एवढा वेळ काय करत होती ती?
काम, मी म्हटलं.

तळघरात नवा दिवा लागला की नाही
ते आमच्या सिस्टीमला कळत नाही.
तसा रकाना नाही.